सोसायटीतल्या भटक्या मांजरांना खायला घालताय? आधी क्रम नीट लावा

"बिल्डिंगखाली दोन मांजरं होती, खायला घालायला लागलो, वर्षभरात पंधरा झाली. आता सेक्रेटरी नोटीस लावतो म्हणतोय. काय करू?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो की उत्तर एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी वाटी, मग पिल्लं, मग शेजाऱ्यांशी भांडण आणि सगळं हाताबाहेर गेल्यावर नसबंदीची चौकशी.

मांजरीण चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. ६३ ते ६५ दिवसांत पिल्लं होतात आणि ती अंगावर पीत असतानाच मांजरीण पुन्हा माजावर येऊ शकते. पोटभर खाणं मिळालं की पिल्लं जगतातही जास्त. म्हणून नसबंदी पहिल्या महिन्यातच सुरू व्हायला हवी. रोजच्या खाण्याचा खरा उपयोगही इथेच आहे. ठरल्या वेळी ठरल्या जागी येणारं मांजर पिंजऱ्यात घेता येतं. दिवसभर इथे-तिथे चरणाऱ्या मांजराला पकडणं जवळपास अशक्य.

खाली लिहिलंय ते मुंबई-पुण्याकडच्या सोसायट्या आणि चाळी डोळ्यांसमोर ठेवून. बंगल्याच्या आवारात किंवा मासळी बाजारात तपशील बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १ : आठवडाभर फक्त बघा आणि मोजा

अजून ताटली मांडू नका. आधीपासून घालत असाल तर बंद करू नका, पण वाढवूही नका.

पहाटे उजाडताना आणि संध्याकाळी दिवेलागणीला आवारात एक फेरी मारा, कारण मांजरं या दोन वेळांना हिंडतात. प्रत्येकाचे मोबाइलवर तीन फोटो घ्या: तोंड, डावी बाजू, उजवी बाजू. काळी मांजरं सगळी सारखीच दिसतात, तिथे शेपटीचं टोक, कानाची चीर, छातीवरचा पांढरा ठिपका अशा खुणा लिहून ठेवा. नावं ठेवलीत तरी चालेल, पण नावासोबत खूण हवीच, नाहीतर घरातल्या दुसऱ्या माणसाला "मनी" कोणती ते कळणार नाही.

वहीत किंवा मोबाइलमध्ये एवढं टिपा:

- नर की मादी. वयात आलेल्या बोक्याचे गाल फुगीर असतात आणि शेपटीखाली बघितलं की शंका राहत नाही. काळा, नारिंगी आणि पांढरा असे तिन्ही रंग अंगावर असतील तर ती जवळजवळ नक्की मादी.
- कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं आहे का? असेल तर नसबंदी झालेली आहे. मारामारीत फाटलेला कान वेडावाकडा असतो, दोन्हींत गल्लत करू नका.
- पोट ओघळलंय का, स्तन दिसतात का, त्यांच्याभोवतीचे केस गेलेत का. असतील तर ती गाभण आहे किंवा कुठेतरी पिल्लं पाजतेय.
- हात लावू देतं का. माणसाळलेलं मांजर साध्या बास्केटमधून नेता येतं, बुजऱ्यासाठी पिंजरा लागतो.

आणि ज्याकडे जवळपास सगळेच काणाडोळा करतात ते म्हणजे आणखी कोण खायला घालतंय. रात्रपाळीचा वॉचमन डब्यातली चपाती टाकतो, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून माशाची डोकी सोडतात, कोपऱ्यावरचा चिकनवाला पाय आणि आतडी फेकतो. या सगळ्यांशी आत्ताच ओळख करून घ्या. पिंजरा लावायच्या दिवशी यांपैकी एकानं जरी "बिचारी उपाशी दिसली" म्हणून काही टाकलं, तर तुमचा तो दिवस फुकट गेला.

*तपासणी:* सलग दोन दिवस नवं मांजर दिसलं नाही की मोजणी पुरी झाली.

टप्पा २ : जागा, वेळ आणि सोसायटी

केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खाऊ घालण्याबद्दल स्पष्ट तरतूद आहे. आवारातल्या प्राण्यांना खायला घालण्याची व्यवस्था करणं ही रहिवासी संघटनेची जबाबदारी आहे आणि जागा-वेळ खायला घालणाऱ्यांशी बोलून ठरवायची आहे. जागा मुलांच्या खेळण्यापासून, येण्याजाण्याच्या दारांपासून आणि जिन्यांपासून लांब हवी. खायला घालणाऱ्यानं घाण करायची नाही, हेही त्याच नियमात आहे. लोक पहिला भाग छापून नेतात आणि दुसरा विसरतात.

कमिटीकडे कायद्याचा कागद आपटत जाऊ नका. मोजणीची वही घेऊन जा. "अकरा मांजरं आहेत, त्यातल्या सहा माद्या, एकीचीही नसबंदी नाही, मला दोन महिने द्या" असं म्हणणाऱ्या माणसाचं ऐकून घेतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. त्यात खाण्याची जागा, वेळ, साफसफाई कोण करणार आणि नसबंदीचा कार्यक्रम एवढंच असू द्या. कमिटीनं उचलून दुसरीकडे सोडायचा विषय काढला तर शांतपणे सांगा की अन्न आणि आडोसा तसाच राहिला तर रिकाम्या जागेत नवी, नसबंदी न झालेली मांजरं येतात. पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून यायची जुनी रीत क्रूर तर आहेच, तिनं आवारातला प्रश्नही सुटत नाही. विष घालणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे, पण हे वाक्य गरज पडेपर्यंत खिशातच ठेवा.

जागा निवडताना भिंतीलगतचा, वर छप्पर असलेला, मांजराला दोन बाजूंनी पळता येईल असा कोपरा बघा. पंपरूमच्या मागची जागा बहुतेक ठिकाणी चालते. पार्किंग नको. गाडीच्या बॉनेटवर पायांचे ठसे उमटले की निम्मी सोसायटी तुमच्या विरोधात जाते.

वेळ दिवसातून दोनदा. शेवटचं खाणं पूर्ण अंधार पडण्याआधी उरकून ताटल्या उचललेल्या असाव्यात. रात्रभर पडलेलं अन्न घुशी खातात आणि मग पेस्ट कंट्रोलवाला येतो.

*इशारा:* सोसायटीत उंदरांचं औषध कधी आणि कुठे ठेवतात हे विचारून घ्या. विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर तेही दगावू शकतं. उंदीर पकडायच्या चिकट पाट्यांवर पिल्लं अडकतात. तसं झालं तर ओढू नका, खायचं तेल चोळत सावकाश सोडवा.

टप्पा ३ : काय, किती आणि कसं

दूध नको. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना ते पचत नाही, जुलाब होतात आणि तुमच्या कोपऱ्याला वास सुटतो. दूध-चपातीवर मांजर जगतं, पण धड राहत नाही. मांजर पक्कं मांसाहारी आहे. त्याला लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. म्हणूनच कुत्र्यांचं कोरडं खाणं स्वस्त पडतं म्हणून मांजरांना रोज घालू नये.

कोरडं खाणं दिलं तर चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम पुरतं. दहा मांजरांना अर्धा किलोच्या थोडं वर. घरी शिजवत असाल तर हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, त्यात थोडी कलेजी, मऊ भात चवीपुरता. मीठ, हळद, मसाला काही नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्यामुळे घरचा उरलेला रस्सा बाद. शिजवलेली हाडं टोकदार फुटतात, तीही नकोत. नुसत्या चिकनमध्ये कॅल्शियम फार कमी असतं, म्हणून एक वेळ कोरडं आणि एक वेळ शिजवलेलं ही विभागणी मला सगळ्यांत व्यवहारी वाटते. बांगडा किंवा तारली आठवड्यातून एक-दोनदा उकडून, काटे काढून द्या. सुकटीत मीठ फार, ती पिंजऱ्यातल्या आमिषासाठी राखून ठेवा.

मांडायची पद्धत अशी: प्रत्येक मांजराला वेगळी ताटली, दोन ताटल्यांत हात-दोन हात अंतर. सगळं एका परातीत ओतलंत तर दांडगा बोका मध्ये बसतो आणि बुजरी मांजरीण भिंतीवरून बघत राहते. नेमकी तीच तुम्हाला नसबंदीसाठी हवी असते. तिची ताटली सगळ्यांत लांब, आडोशाला. पत्रावळी वापरल्यात तर धुण्याची कटकट नाही, खाणं झालं की ओल्या कचऱ्यात. प्लास्टिकचे हलके डबे कावळे ओढून नेतात आणि ते पुढच्या बिल्डिंगच्या पत्र्यावर सापडतात.

अर्ध्या तासात सगळं उचला.

मुंग्यांसाठी ताटली पाण्यानं भरलेल्या मोठ्या थाळीत ठेवा. मुंग्या मारायचा खडू खाण्याच्या जागेभोवती ओढू नका. त्यातलं कीटकनाशक मांजरांना बाधतं. जागा धुवायला काळं फिनाईलही नको, पंजाला लागतं आणि चाटून पोटात जातं. साबणाचं पाणी पुरे.

पाणी अन्नापासून चार पावलं लांब, जड मातीच्या पसरट भांड्यात. रोज ओतून, आतून घासून पुन्हा भरा. नुसतं वरून भरत राहिलात तर पावसाळ्यात डासांच्या अळ्या होतील आणि डेंग्यूच्या तपासणीला आलेले पालिकेचे लोक पहिल्यांदा तुमचंच भांडं दाखवतील.

*तपासणी:* दहा-बारा दिवसांनी तुम्ही यायच्या आधी मांजरं कोपऱ्यात येऊन बसलेली दिसली की पुढच्या टप्प्याला लागा. दिसत नसतील तर कुणीतरी अधेमधे खायला घालतंय.

टप्पा ४ : पकडणं आणि नसबंदी

इथे घाई करणारेच जास्त फसतात.

आधी डॉक्टर, मग पिंजरा. शस्त्रक्रियेचा दिवस ठरल्याशिवाय एकही मांजर पकडू नका. पालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात किंवा प्राणी-संस्थांकडे विचारा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक आहे. खासगी दवाखाना असेल तर तीन गोष्टी आधीच बोलून घ्या: टाके विरघळणारे हवेत, कारण हे मांजर टाके काढायला परत सापडणार नाही. भुलीत असतानाच कानाचं टोक कापायचं. आणि त्याच वेळी रेबीजची लस व जंताचं औषध द्यायचं. कानाचं राहून गेलं तर पुढच्या वर्षी दुसरा कुणी तेच मांजर पुन्हा पकडून भूल देईल.

सामान: पायपट्टीचा तारेचा पिंजरा, जो आत पाय पडला की आपोआप बंद होतो. संस्था अनामत घेऊन देतात. पिंजरा पूर्ण झाकेल अशी जुनी चादर, जुनी वर्तमानपत्रं, जाड हातमोजे, चिकटपट्टी आणि मार्कर. रिक्षानं जाणार असाल तर ओळखीचा रिक्षावाला आदल्या दिवशीच ठरवा. सकाळी सात वाजता ओरडणारा पिंजरा बघून कुणी थांबत नाही.

सवय. चार-पाच दिवस पिंजरा खाण्याच्या जागीच ठेवा, दार दोरीनं उघडं बांधून. पहिल्या दिवशी ताटली पिंजऱ्याशेजारी, मग दाराशी, मग आत, शेवटी अगदी मागच्या टोकाला. तळाशी वर्तमानपत्र घाला, तार पायाला लागली की मांजर मागे फिरतं. पिंजरा डुगडुगत असेल तर खाली विटेचा तुकडा सरकवा.

उपास. पकडायच्या आदल्या दिवशी संध्याकाळचं खाणं बंद, पाणी चालू. पहिल्या टप्प्यात ज्यांच्याशी ओळख केलीत त्या सगळ्यांना त्या दिवशी दुपारी पुन्हा आठवण करा. भुलीसाठी पोट रिकामं लागतं आणि भूक नसेल तर मांजर आत जाणारच नाही. चार महिन्यांखालच्या पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवू नका, त्यांचे तास डॉक्टरांना विचारा.

पकडताना. आमिष वासाचं हवं: भाजलेला बांगडा, सुकट, टूना. दाराशी चिमूटभर, मध्ये चिमूटभर आणि बाकी सगळं पायपट्टीच्या मागे, म्हणजे पट्टीवर पाय दिल्याशिवाय तोंड पोचणार नाही. लांब उभे राहा, पण पिंजरा नजरेआड होऊ देऊ नका. दार पडलं की मांजर उसळतं, जाळीवर नाक आपटतं. लगेच चादर टाका, अर्ध्या मिनिटात शांत होतं. मग चिकटपट्टीवर नाव, खूण आणि पकडल्याची जागा लिहून पिंजऱ्यावर लावा.

*इशारा:* "बघू तरी कोण आहे" म्हणून दार किंचितही उघडू नका. एकदा सुटलेलं मांजर महिनोन्‌महिने पिंजऱ्याकडे फिरकत नाही. हातानं, पोत्यानं, जाळं टाकून धरायलाही जाऊ नका.

कोणाला आधी? माद्यांना. बोक्यांपासून सुरुवात केलीत तर आवाज आणि मुताचा वास कमी होतो, सोसायटी खूश होते, पण शेजारचा एक बोका आला तरी सगळ्या माद्या गाभण राहतात. पाजणारी मादी अडकली तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. पिल्लं कुठे आहेत ते माहीत नसेल आणि ती अगदी लहान असतील, तर तिला सोडून देऊन तीन-चार आठवड्यांनी पकडणं बरं. शस्त्रक्रिया केलीच तर ती शुद्धीवर येताच लवकरात लवकर पिल्लांकडे पोचली पाहिजे.

टप्पा ५ : शस्त्रक्रियेनंतर

संस्था ठेवून घेत असेल तर उत्तम. घरी आणावं लागलं तर मांजर पिंजऱ्यातच राहील. "जरा मोकळं बसू दे" म्हणून बाथरूममध्ये सोडलेलं मांजर खिडकीच्या काचपट्ट्यांमधून बाहेर जातं, आणि खिडकी चौथ्या मजल्यावर असते.

पिंजरा सपाट जमिनीवर ठेवा, पंख्याखाली किंवा एसीसमोर नको. भुलीनंतर अंग गार पडतं. खाली जुनं सुती कापड, वर चादर. पूर्ण शुद्धीवर येऊन मान स्थिर झाल्याशिवाय अन्न-पाणी नाही. नंतरही आधी थोडंच. बोक्याला साधारण एक दिवस, मादीला दोन दिवस ठेवायची तयारी असावी.

सोडण्याआधी चादर बाजूला करून लांबूनच बघा: चालताना झोक जात नाही ना, खाल्लंय ना, लघवी झालीय ना, टाक्यांतून रक्त किंवा पाणी येत नाही ना. कशाबद्दलही शंका असेल तर डॉक्टर. सोडायचं ते जिथे पकडलं तिथेच, दिवसाउजेडी, पिंजऱ्याचं तोंड रस्त्याकडे नाही तर भिंतीकडे किंवा झाडीकडे करून. ते बाणासारखं सुटेल आणि एक-दोन दिवस खायलाही येणार नाही. घाबरू नका, शोधत फिरू नका.

*इशारा:* दुखतंय असं वाटून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराला ती जिवावर बेतते. कुत्र्यांच्या गोचिडांचं मानेवर टाकायचं औषधही नको. त्यातलं परमेथ्रिन मांजराला विषासारखं आहे.

टप्पा ६ : पिल्लं सापडली तर

उचलू नका. आई बहुधा अन्न शोधायला किंवा पिल्लांची जागा बदलायला गेलेली असते. लांब उभे राहून काही तास बघा. पिल्लं शांत, गुबगुबीत, एकमेकांवर झोपलेली असतील तर आई येतेय. सतत ओरडत असतील, अंग गार असेल, तरच हात घाला. मग आधी ऊब, नंतर दूध, आणि तेही गाईचं नाही, मांजरांच्या पिल्लांसाठी मिळणारी पावडर. गारठलेल्या पिल्लाला पाजलेलं पचत नाही.

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसाला सरावतं. घर मिळवून द्यायचं असेल तर हीच संधी. आठवड्या-दोन आठवड्यांचा उशीर चालतो, पण चार महिन्यांचं फिस्कारणारं मांजर फ्लॅटमध्ये कोंडून माणसाळवायचा हट्ट सोडा. त्याची नसबंदी करून जागेवर सोडणं हेच त्याच्या भल्याचं.

टप्पा ७ : रोजची नजर

खायला घालताना पाच मिनिटं तिथेच उभे राहा. आजार ताटलीशीच दिसतो. मांजर धावत येतं, वास घेतं, एक घास घेतं आणि किंचाळून मागे सरतं, पंजानं तोंड झटकतं, हनुवटीवरून लाळ लोंबते: तोंडात जखमा आहेत. कानाच्या कडांवर राखाडी खपल्या आल्या तर खरूज, ती सगळ्यांना पसरेल. बोका पुन्हापुन्हा बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर त्याच दिवशी दवाखाना. उद्यापर्यंत थांबलात तर उशीर होऊ शकतो.

एकाच आठवड्यात दोन-तीन पिल्लं उलट्या-जुलाबानं मेली तर पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या साथरोगाची शंका घ्या. त्याचा विषाणू जागेवर वर्षभर टिकू शकतो आणि साध्या साबणानं मरत नाही. मांजरं लांब असताना जागा आधी धुऊन मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी असं दहा मिनिटं ठेवून पुन्हा स्वच्छ धुवा. लस न झालेलं नवं पिल्लू त्या जागी आणू नका.

पावसाळ्यासाठी मासळी बाजारातला झाकणाचा थर्माकोल खोका पुरतो. वास जाईपर्यंत धुवा, आडव्या बाजूला सहा इंचांचं भोक पाडा, विटांवर ठेवा, तोंड पावसाच्या झोताकडे नको. आत गोणपाट घालू नका, ते भिजलं की चार दिवस ओलं राहतं. पार्किंगमध्ये गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा, अशी पाटी वॉचमनच्या टेबलावर लावून ठेवा.

विष्ठा रोज उचला. तिच्यात टोक्सोप्लाझ्माचे जंतू असलेच तर ते लागण करण्याजोगे व्हायला एक दिवस तरी लागतो, म्हणून रोजची सफाई हाच चांगला बचाव. गरोदर बाईनं हे काम दुसऱ्याकडे द्यावं.

चावलं किंवा ओरबाडलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मांजराचा दात बारीक आणि खोल जातो. वरून टोचल्यासारखं दिसतं, आत पू होतो. रेबीजची लस पालिकेच्या रुग्णालयांत मिळते. रोज हाताळणार असाल तर आधीच घ्यायच्या लसीबद्दलही विचारा.

राहिला बदली माणूस. गणपतीला गावी जाता तेव्हा मांजरांचं काय, हे ऑगस्टच्या आधी ठरवा. ज्याच्यावर सोपवणार त्याला आठवडाभर सोबत घेऊन जा आणि एक कागद द्या: फोटो, खुणा, कोणाची ताटली कुठे, किती माप, दवाखान्याचा नंबर, आणि कोणाची नसबंदी अजून राहिलीय. नवं मांजर दिसलं तर त्याचा फोटो काढून ठेवायला सांगा. परत आलात की त्याच्यासाठी डॉक्टरांची तारीख घ्या.